माइक प्रीअँप, टप्पा २ : भंगारातल्या ट्रान्सफॉर्मरांची चाचणी

माइकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या प्रीअँपच्या इनपुटला, पहिल्या ऑपअँपच्या (वर्धक चिपच्या) आधी, व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर हवा आहे. टेबलावर तीन जाती आहेत: डायल-अप मोडेममधले ६००:६०० ओहमचे, ट्रान्झिस्टर रेडिओतले ड्रायव्हर (२० किलोओहम : १ किलोओहम) आणि एका व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरच्या माइक इनपुटचा, धातूच्या डबीतला. मोडेमवाले लगेच बाद. १:१ ने व्होल्टेज वाढत नाही. लाइन आयसोलेशनला ठेवून द्यावेत.

ड्रायव्हर उलटा जोडायचा, १ किलोओहमची बाजू माइककडे, मधला टॅप मोकळा. वेढ्यांचं गुणोत्तर इम्पीडन्सच्या (एसीला होणाऱ्या रोधाच्या) गुणोत्तराच्या वर्गमुळाइतकं, म्हणजे १:४.५; १३ डेसिबल फुकट.

डबीवर काहीच छापलेलं नाही. जास्त वेढ्यांच्या बाजूला १ किलोहर्ट्झ, १ व्होल्ट दिल्यावर दुसरीकडे सुमारे १४० मिलिव्होल्ट मिळाले: १:७. एनई५५३२ हा ऑपअँप पुढे असेल तर याहून बरं काही नको. त्याचा व्होल्टेज नॉइज ५ नॅनोव्होल्ट आणि करंट नॉइज ०.७ पिकोअँपिअर, दोन्ही प्रति रूट हर्ट्झ. भागाकार ७ किलोओहम; सोर्स एवढ्याचा असला की ऑपअँपची नॉइजमधली भर सर्वांत कमी. १५० ओहमचा माइक १:७ मधून (गुणोत्तराच्या वर्गाने) ७.३५ किलोओहम, म्हणजे जवळपास तेवढाच दिसतो.

वेढ्यांचा रोध मल्टीमीटरने मोजला की मीटरचा डीसी कोअरला चुंबकत्व देऊन जातो. निकेल मिश्रधातूच्या कोअरला हे जास्त बाधतं. मोजून झाल्यावर २० हर्ट्झ देऊन पातळी हळूहळू शून्यावर आणावी. माइककडचा रोध ४० ओहम असला तर तेवढ्यानेच नॉइज १ डेसिबल वाढतो.

खरी पारख मात्र पातळीत आहे. डायनॅमिक माइक जेमतेम २ मिलिव्होल्ट देतो आणि इतक्या कमी फ्लक्सवर कोअरची पर्मिअ‍ॅबिलिटी (फ्लक्स वाहून नेण्याची क्षमता) घसरते, त्याबरोबर इंडक्टन्स आणि बासही. म्हणून एलसीआर मीटरच्या (इंडक्टन्स मोजणाऱ्या) आकड्यावर विसंबू नये. जनरेटरचे २०० मिलिव्होल्ट १५ किलोओहम आणि १५० ओहमच्या विभाजकातून दिले की २ मिलिव्होल्ट मिळतात, आणि सोर्सही आपोआप १५० ओहमचा होतो. २० हर्ट्झला ३ डेसिबलच घट हवी तर माइककडे १.२ हेन्री लागतात (रोध भागिले २π गुणिले वारंवारता). ड्रायव्हर २ मिलिव्होल्टवर १०० हर्ट्झलाच ३ डेसिबल खाली आला. थेट २०० मिलिव्होल्टवर हाच बिंदू ५० च्या आसपास होता. निवेदनाला चालेल, डग्ग्याला नाही. डबीवाला दोन्ही पातळ्यांवर जवळपास सारखाच.

सेकंडरी (जास्त वेढ्यांची बाजू) थेट साउंड कार्डला जोडू नका. १० किलोओहमच्या इनपुटखाली पातळी पडते आणि वरच्या वारंवारतांची रेझोनन्सची उसळी दबून खोटं समाधान मिळतं. मध्ये प्रीअँपचा स्वतःचाच पहिला ऑपअँप ठेवावा. माइकला १.५ किलोओहम दिसावेत म्हणून १:७ च्या सेकंडरीवर ७५ किलोओहम. मग १ किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह द्या. कडेला थरथर दिसली तर सेकंडरीवर १० किलोओहम आणि २२० पिकोफॅरड सिरीजमध्ये लावून सुरुवात करा, कपॅसिटर बदलत कड साफ करा. जास्त वाढवलात तर ट्रेबल जाईल.

हमसाठी (मेन्सच्या गुणगुणीसाठी) प्राइमरीवर, म्हणजे माइककडच्या बाजूला, १५० ओहम लावून ५० हर्ट्झ पाहत ट्रान्सफॉर्मर फिरवायचा. एका कोनात हम स्पष्ट कमी होतो. पॉवर ट्रान्सफॉर्मरपासूनचं अंतर मात्र शील्डपेक्षा जास्त कामाला येतं.

४८ व्होल्टचं फँटम (माइकला त्याच्याच केबलमधून दिलेला पुरवठा) अजून जोडलेलं नाही. तो पोचवणाऱ्या ६.८ किलोओहमच्या रोधकांची जोडी ०.१ टक्क्याच्या आत जुळली नाही तर फरकाचा डीसी प्राइमरीतून वाहतो, आणि प्राइमरीचं एक टोक ग्राउंडला असेल तर सरळ ७ मिलिअँपिअर.