लेकीच्या हाती स्टेअरिंग, माझ्या हाती पॉलिसी

लेक अठराची झाली, नाशिकच्या पेठ रोडच्या आरटीओत तिचं लर्निंग निघालं, आणि त्याच आठवड्यात न्यू जर्सीहून दादाचा फोन. "आता इन्शुरन्सचे पैसे बाजूला काढून ठेव," म्हणाला. भाच्याचं नाव पॉलिसीत घातल्यावर त्याचा हप्ता चांगलाच वाढला होता. तिकडे चालवणाऱ्याचं वय बघतात, गाडी कुठल्या पिनकोडात उभी असते तेही बघतात, आणि पोराला मार्क चांगले असले तर सूटही मिळते म्हणे! माझ्या डोळ्यांपुढे द्वारका चौक आला. तिथल्या ट्रॅफिकवरून हप्ता ठरला तर वॅगन आर विकावीच लागेल.

रिन्यूअल महिनाभरावर होतं, म्हणून एजंट काकांना घरी बोलावलं. ते हसलेच. "ताई, आपल्याकडे विमा गाडीचा. तुमच्या लेकीचं वय मला कुठे लिहावंच लागत नाही."

थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीच्या विम्याचा, दर सरकारी. हजार सीसीपर्यंतच्या गाडीला २,०९४ रुपये आणि वर जीएसटी, मग गाडी इंदिरानगरात असो की गडचिरोलीत. गाव मोजलं जातं ते ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. मुंबई-पुण्यासह आठ मोठी शहरं ‘ए’ झोनमध्ये, नाशिकसकट बाकी देश ‘बी’मध्ये, आणि तेही नोंदणी कुठली यावरून. जुन्या दरपत्रकाने आमच्या ७ वर्षांच्या, अडीच लाख आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या किमतीच्या) गाडीला फरक पडतो २३० रुपयांचा. नाशिकच्या एमएच-१५ नंबरची कमाई एवढीच.

मी चहा टाकायला उठले, तर काका म्हणाले, "बसा, खरं पुढेच आहे." मालक म्हणून असलेलं १५ लाखांचं अपघात संरक्षण फक्त माझं. लेक चालवत असताना तिला काही झालं तर त्यातला रुपयाही नाही. मग तिच्या नावाने २ लाखांचं वेगळं घेतलं, १०० रुपयांत. लर्निंगवर असेपर्यंत ‘एल’ची पाटी आणि शेजारी लायसनवालं माणूस हवंच, नाहीतर क्लेमच्या वेळी कंपनी हात वर करते. (आमच्या गल्लीत अकरावीतली पोरं बिनधास्त कार फिरवतात. पकडलं तर पालकाला २५,००० दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद, हे त्यांच्या आईबापांना कोण सांगणार?)

मग पाण्याचा विषय निघाला. ऑगस्ट २०१९ चा पूर ज्याने पाहिलाय त्याला गोदाघाटावरच्या गाड्या वेगळ्या सांगायला नकोत. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघायचं, पाणी किती चढलं ते कळतं, आणि गाडी हलवायची. बुडालेली गाडी चालू करून इंजिन गेलं, तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही. त्यासाठीचं इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर मागितलं, पण गाडीचं वय बघून कंपनीने नाही म्हटलं. म्हणून लेकीला सांगून ठेवलंय: पावसाळ्यात रामकुंडाकडे रिक्षाने जायचं.

लायसन हातात आलं आणि दुसऱ्याच महिन्यात कॉलेज रोडला रिव्हर्स घेताना तिने मागचा बंपर खांबावर घातला. खर्च ५,२०० रुपये. "इन्शुरन्स आहे ना?" ती म्हणाली. मी कागद घेऊन बसले. बंपर प्लास्टिकचा, त्यावर ५० टक्के घसारा, म्हणजे निम्मेच पैसे मिळणार. रंगाच्या सामानावरही तेवढाच. मजुरी तेवढी पूर्ण मिळणार. वरून सक्तीचे १,००० आपल्या खिशातून. हातात येणार २,२००. आणि माझा ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर गेला की येत्या एका वर्षातच हप्ता वाढणार २,२०० ने. त्यापुढच्या वर्षी सूट २० टक्के, मग २५, ३५, ४५... पन्नासावर परत यायला ५ वर्षं. दादाकडे पोराच्या वयाचा भुर्दंड समोरच्या दाराने येतो, आमच्याकडे तो असा मागच्या दाराने.

क्लेम केला नाही. बंपर बदलला, पैसे मी दिले, आणि आता लेकीच्या पॉकेटमनीतून दरमहा ५०० कापते. अजून सात महिने बाकी आहेत.