डेल्टाड्रोमिअसचा दात कुणी पाहिलाय?

माझा मामेभाऊ म्युनिकला असतो. डायनोसॉरचे दात जमवायचा त्याला भारी नाद. बहुतेक दात मोरोक्कोच्या आग्नेय भागातले, केमकेमच्या लाल वाळूखडकांतले, सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीचे. मी भूशास्त्र शिकवते, म्हणून यंदा त्याने सगळे खण माझ्यापुढे मांडले. "ताई, विकणाऱ्याच्या चिठ्ठ्या बघू नकोस. दात बघ आणि सांग."

भिंग आणि व्हर्निअर कॅलिपर, एवढंच लागतं. आधी बुडाचा छेद बघायचा. गोलसर, सरळ सुळ्यासारखा, उभ्या बारीक रेघांचा आणि कडांना करवतीसारखे दाते नसलेला असेल, तर स्पायनोसॉरिड, म्हणजे स्पायनोसॉरस या डायनोसॉरच्या घराण्यातला. चपटा, सुरीच्या पात्यासारखा, दोन्ही कडांना करवत आणि कडेजवळ एनॅमलवर आडव्या सुरकुत्या असतील, तर कार्कारोडोन्टोसॉरिड, हे शिकारी डायनोसॉरांचं दुसरं घराणं. इथवर सोपं आहे. खरी गडबड मगरी करतात, कारण त्या खडकांत मगरींचेही दात रग्गड सापडतात आणि तेही गोल असतात. तिथे वाक बघावा. स्पायनोसॉरिडचा दात थोडासा वाकतो तो मागच्या कडेच्या दिशेने. मगरीचा बहुतेकदा जिभेकडे वाकतो, म्हणजे दोन्ही कडांना काटकोनात. भावाच्या 'स्पायनोसॉरस' खणातले बरेच दात या एका कसोटीवर मगरींकडे गेले. त्याचा चेहरा पडला, पण मला ते मगरीचे दातही तितकेच आवडले.

मला राग आला तो 'डेल्टाड्रोमिअस' लिहिलेल्या चिठ्ठ्यांचा. १९९६ साली हा डायनोसॉर ज्या सांगाड्यावरून वर्णिला गेला, त्याला कवटीच नव्हती. मग दात त्याचा हे ठरवलं कशावरून? ते बुटके दात, पुढची कड वळलेली आणि मागची जवळपास सरळ, बहुधा अबेलिसॉरिडांचे आहेत. गुजरातेतला आपला राजासॉरस त्याच घराण्यातला.

एका दाताला लांबलचक मूळ होतं. डायनोसॉरांचे दात आयुष्यभर पडत आणि नवे येत. पडेपर्यंत मूळ विरघळून गेलेलं असे, म्हणून सुटे सापडणारे दात बहुतेक नुसते मुकुटच, म्हणजे हिरडीबाहेरचा भागच, असतात. अतिनील टॉर्चखाली मुकुट आणि मूळ यांच्या सांध्यावर गोंदाची रेघ स्वच्छ चमकली. मुकुट अस्सल, मूळ दुसऱ्याच कुणाचं.

"पण स्पायनोसॉरस नक्की म्हणता येईल ना?" तो पुन्हापुन्हा विचारत होता. नाही येत. सुट्या दातावरून आडनाव कळतं, पाळण्यातलं नाव नाही. जर्मन जीवाश्मतज्ज्ञ श्ट्रोमरने १९१५ साली ज्या इजिप्तमधल्या हाडांवरून स्पायनोसॉरसचं नामकरण केलं, त्यांत जबड्याचा तुकडा दातांसकट होता. ती हाडं भावाच्याच शहरात होती आणि एप्रिल १९४४च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली. आता ताडून पाहायला उरली ती चित्रं, छायाचित्रं आणि वर्णनं.

म्हणून नव्या चिठ्ठ्यांवर आम्ही 'स्पायनोसॉरिड' एवढंच लिहिलं. खाली उंची, बुडाची लांबी-रुंदी आणि करवत असेल तर दर ५ मिलिमीटरला किती दाते ते. जागेच्या रकान्यात मात्र नुसतं 'केमकेम' लिहावं लागलं, याची मला फार हळहळ वाटते. दलालांच्या हातून हातात जाताना कुठला डोंगर, कुठला थर, हे सगळं गळून जातं. तुम्ही असे दात घेणार असाल, तर किमतीआधी गावाचं नाव विचारा आणि सांगितलं तर लगेच लिहून ठेवा.