तुम्ही विचारलंत म्हणून: सोलर, अनुदान आणि बिलावरचं नाव

"ताई, ते सोलरचं अनुदान खरंच जमा होतं का? आणि हेलपाटे किती?"

आमच्या गच्चीवर पॅनल बसल्यापासून हा प्रश्न मला मंडईत विचारला गेलाय, लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, अंबाबाईच्या रांगेतसुद्धा विचारला गेलाय. उभ्या उभ्या "होय, मिळतं" एवढंच सांगून होतं, आणि मग घरी आल्यावर चुटपुट लागते, कारण खरं सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून आज सगळं नीट लिहिते.

अनुदान जमा होतं. आमचे ७८,००० रुपये जमा झाले. माझ्या खात्यात नाही, यांच्याही नाही, सासूबाईंच्या खात्यात. ते असं का, यातच निम्मं उत्तर आहे.

प्रधानमंत्री सूर्यघर मुफ्त बिजली योजना जाहीर झाली १३ फेब्रुवारी २०२४ ला. त्यानंतर वर्षभर आम्ही नुसतं बोलत होतो. शेवटी अर्ज भरायला बसले, लाईट बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकला आणि पडद्यावर नाव आलं ते मामंजींचं. मामंजी जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. बिल दर महिन्याला त्यांच्याच नावानं येत होतं, आम्ही भरत होतो आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत घरोघरी हीच गत आहे, मी नंतर विचारून बघितलं. कुणाच्या बिलावर आजोबा आहेत, कुणाच्या बिलावर ज्यांच्याकडून घर घेतलं ते जुने मालक.

योजनेचे पैसे ज्याच्या नावावर वीजजोडणी आहे त्याच्याच बँक खात्यात येतात. गेलेल्या माणसाचं खातं कुठून आणायचं? आम्हाला पहिल्यांदा भेटलेला पॅनलवाला म्हणाला, "वहिनी, नावाचं टेन्शन घेऊ नका, मी करतो मॅनेज." मला ते पटलं नाही. सरकारी पैसा मयत माणसाच्या नावावर मागायचा, यात मॅनेज करण्यासारखं काय आहे?

तेव्हा आधी नाव बदलायचं ठरलं. घरफाळा, म्हणजे घरपट्टी, मामंजींच्या मागं सासूबाईंच्या नावावर लागला होता, म्हणून जोडणीही त्यांच्याच नावावर करणं सगळ्यात सरळ होतं. मृत्यूचा दाखला, घरफाळ्याची पावती, प्रॉपर्टी कार्ड, सासूबाईंचं आधार आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत. मोठे दीर पुण्यात, नणंद इचलकरंजीला. दोघांनीही लगेच सह्या दिल्या, त्यांचे उपकार मानले पाहिजेत. अडलं ते घरातच.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. मी अर्ज घेऊन त्यांच्यापुढं बसले तर त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. म्हणाल्या, "ह्या घरात लाईट कुणी आणली? खांबासाठनं सा महिनं फिरत हुते ते. आणि आता त्यांचंच नाव काढायचं?"

मला उत्तर सुचलं नाही. आमच्या माजघरात खिडकीच्या गजाला एक तार अडकवलेली आहे, खाली वाकवून टोक केलेली. मामंजी प्रत्येक बिल भरलं की त्यावर तारीख घालून त्या तारेत टोचायचे. ते गेल्यावर आत्या टोचतात. त्यांच्या दृष्टीनं दर महिन्याला त्यांच्या मालकांच्या नावानं घरात एक कागद येत होता, आणि मी तो बंद करायला निघाले होते. तो अर्ज मी घडी घालून कपाटात ठेवला. दीड महिना विषय काढला नाही. मग एका दुपारी त्या स्वतःच म्हणाल्या, "आण तो कागुद." सही करताना हात थरथरत होता. दोन सह्या जुळल्या नाहीत म्हणून तिसरी करावी लागली.

हे एवढं लांबण लावून सांगते कारण तुम्ही हेलपाटे विचारता. पॅनलचे हेलपाटे फार नाहीत. नावाचे आहेत. आमचे अडीच महिने नावात गेले आणि त्यानंतरचं सगळं सहा आठवड्यांत झालं. आणखी एक बारीक गोष्ट: आधार, पासबुक आणि बिल या तिन्हींवर नाव अक्षरशः एकसारखं आहे का बघा. आत्यांच्या पासबुकावर 'अक्काताई' होतं आणि आधारावर 'आक्काताई'. एका कान्यासाठी बँकेत दोनदा जाऊन आलो.

आता परवानगीचं. लोकांना वाटतं फार मोठी भानगड असेल. घरगुती छतासाठी तशी ती राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रानं वीज ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीची अट काढून टाकली, अर्ज मंजूर झाला असंच धरतात. मंजूर भार, म्हणजे आपल्या जोडणीला ठरवून दिलेली किलोवॉटची मर्यादा, कमी असला तर तोही त्याबरोबर वाढतो. पॅनल नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच बसवायचे, मग नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि बाहेर दिलेली दोन्ही वीज मोजणारा मीटर, मग पाहणी, आणि चालू झाल्याचा दाखला निघाला की योजनेच्या पोर्टलवर बँकेचा तपशील भरायचा. आमचे पैसे त्यानंतर तीन आठवड्यांनी आले.

७८,००० चा हिशेबही सांगते, कारण त्यात घोळ होतो. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००. त्यापुढं तुम्ही पाच लावा नाहीतर आठ, अनुदान तेवढंच. सरकारनं खर्च धरलाय पहिल्या दोनांना किलोवॉटमागं ५०,००० आणि तिसऱ्याला ४५,०००, म्हणजे तीन किलोवॉटला १,४५,०००. आम्हाला प्रत्यक्षात १,९५,००० लागले, कारण आम्ही पॅनलखालचा सांगाडा उंच करून घेतला. वरचे सगळे आपले आपण. ज्यांचा वापर महिन्याला शंभर युनिटच्या आत आहे त्यांच्यासाठी राज्य सरकारची वेगळी जादा मदत आहे, तुमचं घर त्यात बसत असेल तर ती आधी बघा.

अनुदान हवं असेल तर पॅनल आणि त्यातले सेलसुद्धा भारतात बनलेले लागतात. विक्रेते त्याला डीसीआर म्हणतात. तो पहिला पॅनलवाला पंचवीस हजार कमी सांगत होता, त्याच्या कोटेशनमध्ये हा शब्दच नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "दोन्ही सारखंच चालतं." वीज दोन्ही देतील, पण अनुदान एकावरच आहे आणि हे त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही. दुसऱ्याकडून घेतले तेव्हा सांगाड्यावर चढवायच्या आधी सहाही पॅनल गच्चीवर पालथे घालायला लावले आणि मागच्या स्टिकरवरचे नंबर यादीशी एकेक ताडून बघितले. बसवणारी पोरं कंटाळली, पण चहा देऊन थांबवली.

गच्चीची जागा मात्र कुणा दुसऱ्यावर सोडू नका. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते, आणि बिनसावलीची म्हणजे डिसेंबरात बिनसावलीची. मे महिन्यात आपल्याकडं सूर्य डोक्यावर येतो, पहिल्या आठवड्यात एक दिवस तर दुपारी सावलीच पडत नाही. त्या दिवसांत गच्ची बघितली तर सगळीच मोकळी वाटते. मी डिसेंबरात खडू घेऊन वर गेले. आमची पाण्याची टाकी पाच फुटांची. दुपारी साडेबाराला तिची सावली चार फुटांची होती आणि सकाळी नऊला जवळजवळ अकरा फुटांची. खडूनं फरशीवर रेघा मारल्या, तासातासाची वेळ लिहिली आणि बसवणाऱ्यांना म्हटलं, या रेघांच्या आत काही येता कामा नये. पॅनल एकमेकांना जोडलेले असतात, एकावर सावली पडली की सगळ्या ओळीची वीज कमी होते.

दुसरी अट माझी होती, चटणीची. आमच्यात वर्षाच्या कांदा-लसूण चटणीची मिरची एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच वाळते, पंधरा किलो. तिला ऊन लागतंच. सांगाडा उंच केला तो खाली वावरता यावं म्हणून, आणि दक्षिणेची निम्मी गच्ची मिरचीला मोकळी ठेवली. अजून एक, हंगाम सुरू झाला की आपल्याकडं उसाची काजळी उडून येते. काचेवर काळे काळे धागे बसतात. नोव्हेंबर ते मार्च दर पंधरा दिवसांनी सकाळी उन्हाआधी साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं पुसते. आठवडाभर न पुसता आणि पुसून, असं दोन्ही वहीत लिहून बघितलंय, फरक दिसतो.

वहीत असंही आहे: एप्रिलमध्ये दिवसाला १३-१४ युनिट, आणि जुलैत धुवाधार लागला की एखाद्या दिवशी ३. घाबरू नका. उन्हाळ्यात जास्त झालेले युनिट पुढच्या बिलात जमा राहतात आणि पावसाळ्यात वापरले जातात. वर्षाचा हिशेब ३१ मार्चला मिटतो. तेव्हा उरलेल्या युनिटचे पैसे मिळतात, पण आपण वीज घेतो त्याच्यापेक्षा कमी दरानं. म्हणून गेल्या बारा महिन्यांची बिलं बेरजेला घ्या आणि तेवढंच लावा. शेजाऱ्यानं पाच लावले म्हणून आपणही पाच, असं करू नका. आणि बिल शून्य होत नाही. स्थिर आकार भरावाच लागतो.

पंचगंगेच्या काठच्या भागातली मंडळी एक गोष्ट नेहमी विचारतात: २०१९ सारखा पूर आला, लाईट गेली, तर सोलर चालेल ना? नाही चालणार. बाहेरची लाईट गेली की सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारी पेटी, स्वतःहून बंद पडतो; घरात बॅटरीवर चालतो तो हा नव्हे. तारांवर कुणी दुरुस्तीला चढलेलं असतं, आपल्या गच्चीवरून वीज उलटी तारेत गेली तर त्या माणसाच्या जिवावर बेतेल, म्हणून तो तसाच बनवलेला असतो. लाईट गेल्यावरही हवी असेल तर बॅटरीची वेगळी व्यवस्था करावी लागते, तिचा खर्च वेगळा. आणि पाणी येणाऱ्या घरात इन्व्हर्टर खालच्या मजल्यावर अजिबात लावू नका, वरच्या भिंतीवर, सावलीत लावा.

अनुदानाचा मेसेज आला त्या दिवशी आत्यांना घेऊन बँकेत गेले. पासबुकावर छापून घेतलं. त्यांनी ती ओळ बोटानं दोनदा वाचली आणि पासबुक पिशवीत न ठेवता हातातच धरून घरापर्यंत आल्या. त्यांच्या नावाचं पहिलं बिलही आता त्या तारेत आहे, मामंजींच्या शेवटच्या बिलाच्या वर.

तुम्हाला करायचं असेल तर घरी या. चारनंतर मी असते. बारा महिन्यांची बिलं आणि घरफाळ्याची पावती घेऊन या, आणि निघायच्या आधी बिलावर नाव कुणाचं आहे ते बघा.