आबिस्कोचा अरोरा: कोल्हापूरहून जाणाऱ्यांसाठी सविस्तर टिपा

अरोरा, म्हणजे ध्रुवाजवळच्या आभाळात रात्री दिसणारा रंगीत उजेड, बघायला आबिस्को निवडायचं कारण एकच, तिथं ढग कमी. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला हॉटेलं भरपूर, विमानं भरपूर, पण समुद्रकाठामुळं आभाळ सलग आठवडाभर गच्च राहू शकतं. आबिस्को स्वीडनच्या उत्तर टोकाला, आर्क्टिक वर्तुळाच्या वर सुमारे २०० किलोमीटरवर, तोर्नेत्रॅस्क नावाच्या ७० किलोमीटर लांब तलावाच्या दक्षिण काठावर आहे. गगनबावड्यात पाऊस कोसळत असतो तेव्हा शिरोळात धूळ उडत असते, तोच हिशेब इथं. अटलांटिकवरून आलेला दमट वारा नॉर्वेच्या सीमेवरचे डोंगर चढताना बर्फ टाकून मोकळा होतो आणि आबिस्कोत उतरतो तेव्हा कोरडा असतो. वर्षभराचा पाऊस-बर्फ मिळून इथं ३०० मिलिमीटरच्या आसपास, तर पश्चिमेला सीमेवरच्या रिक्सग्रेन्सनला त्याच्या तिप्पट. ढगांत पडणाऱ्या या मोकळ्या तुकड्याला तिथले लोक ब्लू होल म्हणतात.

हे ब्लू होल पश्चिमेच्या वाऱ्यावर अवलंबून आहे, हे जाहिरातीत कोणी लिहीत नाही. वारा पूर्वेचा झाला की ढग तलावाच्या लांबीवरून सरळ आत येतात. अशा वेळी उलट डोंगरापलीकडं, नॉर्वेतल्या नार्विककडं आभाळ उघडं सापडण्याची शक्यता जास्त. म्हणून रोज संध्याकाळी आधी वाऱ्याची दिशा बघायची, मग ढगांचा अंदाज. नॉर्वेच्या हवामान खात्याचं 'वायआर' हे ॲप फुकट आहे. त्यात खालचे, मधले आणि वरचे ढग वेगळे दिसतात. वरचे विरळ ढग असले तरी अरोरा त्यातून दिसतो, खालचे असले की विषय संपला.

आम्ही गेलो ते फेब्रुवारीच्या अखेरीस. सप्टेंबर ते मार्च असा हंगाम असला तरी सगळे महिने सारखे नाहीत. तलावाच्या पाण्यात हिरवं प्रतिबिंब हवं असेल तर सप्टेंबरचा शेवट किंवा ऑक्टोबर गाठा, कारण तोर्नेत्रॅस्क साधारण डिसेंबर-जानेवारीत गोठतो आणि जूनपर्यंत मोकळा होत नाही. नाताळात जाऊन प्रतिबिंबाची वाट बघण्यात अर्थ नाही. डिसेंबरात तर सूर्य क्षितिजावरच येत नाही, त्यामुळं रात्र लांब मिळते पण दिवसा करायला काही उरत नाही. फेब्रुवारीचा शेवट आणि मार्चमध्ये दिवस पुरेसा मोठा, रात्र पुरेशी काळी, आणि संपाताच्या (दिवस-रात्र सारखे असण्याच्या) आसपास पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सौरवाऱ्याशी, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताशी, जास्त सहज जोडलं जातं, त्यामुळं अरोराची हालचालही वाढते. एप्रिलच्या मध्यानंतर रात्र उजळत जाते, तेव्हा तिकीट काढू नका. पौर्णिमा टाळली तर बरं, पण अर्ध्या चंद्राला घाबरू नका. त्याच्या उजेडात लापोर्टेनची खिंड, म्हणजे दक्षिणपूर्वेला दोन डोंगरांमधली ती अर्धगोल खाच, फोटोत छान उठून दिसते.

आता केपी, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ ० ते ९ मध्ये सांगणारा आकडा. अरोराच्या ॲपमध्ये तो १ दिसला की लोक निराश होऊन झोपतात. आबिस्को अरोराच्या वलयाच्या, म्हणजे ध्रुवाभोवतीच्या ज्या पट्ट्यात अरोरा नेहमी दिसतो त्याच्या, जवळजवळ खालीच आहे, तिथं केपी १-२ पुरतो. शिवाय केपी ही तीन तासांची सरासरी, तीही सगळ्या पृथ्वीची. रात्री उपयोगी पडतात ते दोनच आकडे: बीझेड (सौरवाऱ्यासोबतच्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक, नॅनोटेस्लात; उणे म्हणजे दक्षिणेकडं) आणि सौरवाऱ्याचा वेग. बीझेड उणे पाच किंवा त्याखाली अर्धा तास टिकला आणि वेग सेकंदाला ४५० किलोमीटरच्या वर असला, तर कपडे चढवा. ही मोजणी पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेनं १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूपाशी असलेल्या यानांकडून येते (आपलं आदित्य-एल१ यान जानेवारी २०२४ पासून त्याच बिंदूपाशी आहे), त्यामुळं तीस ते साठ मिनिटांची सूचना मिळते. तीन दिवस पुढचे 'अंदाज' केवळ मनाच्या समाधानाला. सूर्याच्या सुमारे अकरा वर्षांच्या चढउताराचा, म्हणजे सौरचक्र २५ चा, कळस २०२४ मध्ये होऊन गेला, आता गेलं तर काय दिसणार, असंही विचारलं जातं. आबिस्कोसाठी त्यानं फारसा फरक पडत नाही. उतरत्या वर्षांत सूर्यावरच्या कोरोनल होलमधून (बाह्य वातावरणातल्या विरळ भागांतून) वेगवान सौरवारा सुटत राहतो. लडाखातल्या हानलेला १० मे २०२४ च्या रात्री जो लाल उजेड टिपला गेला, त्याला मात्र फार मोठं वादळ लागतं. हानलेच्या भरवशावर बसू नका.

उभं कुठं राहायचं? आबिस्को टुरिस्ट स्टेशन या मुक्कामाच्या ठिकाणापासून तलावाचा काठ चालत जाण्याजोगा आहे, आणि तलाव उत्तरेला येतो, हीच मोठी सोय. शांत रात्री अरोराचा पहिला पट्टा उत्तरेकडं, तलावापलीकडच्या डोंगरांवर उगवतो आणि समोर एकही दिवा नसतो. उत्तर शोधायला ध्रुवताऱ्याचा आधार घेऊ नका. कोल्हापुरात तो क्षितिजावर १७ अंशांवर असतो, बोट दाखवलं की दिशा कळते. तिथं तो ६८ अंशांवर, मान मागं टाकून बघावा लागतो, आणि त्यावरून दिशा धरताना नवख्याची हमखास चूक होते. काठ दिवसा बघून ठेवा.

आधी फिकट, राखाडी पट्टा दिसतो, ढगच वाटतो. खात्री करायची तर मोबाइलनं तीन सेकंदांचा फोटो काढा: हिरवा आला तर अरोरा. डोळ्यांना मंद उजेडात रंग कळत नाहीत, कॅमेऱ्याला कळतात. पट्टा खालच्या कडेनं उजळायला लागला, त्यात उभ्या रेघा पडल्या, की पुढच्या काही मिनिटांत तो फुटतो आणि सगळ्या आभाळभर पसरतो. नाद खुळा दृश्य असतं ते, पण दहा-वीस मिनिटांचं. त्यानंतर पुसट ठिपके उघडझाप करत राहतात, आणि नेमके तेव्हाच लोक 'संपलं' म्हणून आत जातात. थांबा, दीड-दोन तासांत दुसरी फेरी येऊ शकते. रात्री नऊ ते एक ही चांगली वेळ. हिरवा रंग १०० ते १५० किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनचा, लाल २०० च्या वरचा, आणि खालच्या कडेची गुलाबी-जांभळी झालर नायट्रोजनची. ती झालर नुसत्या डोळ्यांना दिसली तर रात्र जोरदार समजा.

नुओल्या डोंगरावर ९०० मीटरवर अरोरा स्काय स्टेशन आहे, खुर्च्यांच्या लिफ्टनं जातात. वारा वाढला की लिफ्ट बंद. तिकीट महाग, आणि तलावकाठावरून दिसतं तेच वरून दिसतं. पैसे वाचवून एक रात्र जास्त राहा. तीनपेक्षा कमी रात्रींसाठी इतक्या लांब जाऊच नये, आणि त्या रात्री तीन गावांत वाटू नयेत.

कॅमेरा. १४ ते २४ मिलिमीटरची लेन्स, एफ २.८ किंवा त्याहून उघडी. आयएसओ १६०० ते ३२००. पट्टा शांत असेल तर ८ ते १५ सेकंद, नाचायला लागला की २ ते ४, नाहीतर रेघा मिसळून नुसतं हिरवं धुकं येतं. व्हाइट बॅलन्स ३५००-४००० केल्विनवर बांधून ठेवा, फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर बंद. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये ठळक ताऱ्यावर मोठा करून हातानं लावा आणि रिंगला चिकटपट्टी मारा. लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढा. अरोराचा हिरवा प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, ५५७.७ नॅनोमीटरचा असल्यानं फिल्टर आणि काचेमधल्या परावर्तनानं फोटोच्या मध्यभागी गोल गोल कडी उमटतात. एडिटिंगमध्ये ती जात नाहीत. हे सगळं जाण्याआधी पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर अमावास्येला हातमोजे घालून करून बघा. रंकाळ्यावर दिव्यांमुळं सराव होत नाही.

थंडीत बॅटरी झपाट्यानं उतरते. तीन घ्या, दोन आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा. खोलीत शिरण्याआधी कार्ड काढून घ्या आणि कॅमेरा बाहेरच झिपच्या प्लास्टिक पिशवीत बंद करा. तसाच आत नेला तर काचेवर, आणि वाईट म्हणजे आतल्या सर्किटवर, दव धरतं. पिशवी दीड-दोन तास उघडायची नाही. मोबाइल थंडीत अचानक बंद पडतो, म्हणून बोर्डिंग पास आणि बुकिंगचे कागद छापून न्या.

कपड्यांत सुती काहीही नको, अगदी बनियनसुद्धा. सूत घाम धरून ठेवतं आणि उभं राहिल्यावर तोच गारठवतो. अंगाला मेरिनो लोकर, वर फ्लीस, वर डाऊन जाकीट, सगळ्यात वर वारा अडवणारं. बूट एक नंबर मोठे: दोन मोजे घालून बोटं हलली पाहिजेत, घट्ट बुटात चांगले मोजेही कामाचे नाहीत. हाताला पातळ मोजे आणि त्यावर बोटं एकत्र राहणारे जाड मिटन. -१५ अंशांवर ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला की उघड्या कातडीला तो -२६ सारखा लागतो, आणि तलावावर वाऱ्याला आडोसा नाही. सगळं विकत घेऊ नका, जाड सूट आणि बूट तिथं भाड्यानं मिळतात.

गोठलेल्या तलावावर उतरायचं तर स्नोमोबाइलची वापरातली वाट धरूनच. माणसाला चालायला निदान १० सेंटिमीटर घट्ट बर्फ लागतो, आणि आबिस्कोयोक्का नदी तलावाला मिळते तिथं, खालून पाणी वाहत असल्यानं, तो भर हिवाळ्यातही पातळ असतो. बर्फ तडकल्याचा घुमणारा आवाज येतो, त्यानं घाबरायचं कारण नाही. पायाखालच्या बर्फात पाणी मुरलेलं दिसलं तर मात्र आल्या पावली मागं फिरा.

स्वीडनसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि विमा निदान ३०,००० युरोचा लागतो. बोटांचे ठसे पाच वर्षांत आधी दिले असतील तर बहुधा पुन्हा लागत नाहीत. मुंबईच्या विमानाच्या दिवशीच महालक्ष्मी एक्स्प्रेसनं पोचायचा बेत करू नका, आदल्या दिवशी पोचा.

खाण्याचं सामान न्या, पण तूप, खवा, पेढे आणि सुकं मटण नको. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, सापडले की जप्त. भडंग, कांदा-लसूण चटणी, मेतकूट, भाजणी बिनधास्त चालतात, फक्त चटणी दोन पिशव्यांत बांधा. आबिस्को ओस्त्रा गावात किराणा दुकान आहे. स्वयंपाकघर असलेलं हॉस्टेल घेतलं तर भात-आमटीवर निम्मा खर्च वाचतो. रोख रक्कम जवळजवळ कुठंच चालत नाही, दोन वेगवेगळी कार्डं ठेवा.

स्टॉकहोमहून किरुनाला विमानानं दीड तास, पुढं रस्त्यानं किंवा रेल्वेनं शंभरेक किलोमीटर. किरुनाचं रेल्वे स्टेशन गावाबाहेर आहे, विमानतळ वेगळीकडं, म्हणून मधल्या बसची वेळ आधी बघा. ही रेल्वे मुळात लोहखनिजाची, मालगाड्यांना मान पहिला. डिसेंबर २०२३ मध्ये आबिस्कोच्या पश्चिमेला खनिजाची गाडी रुळावरून घसरली आणि मार्ग कित्येक आठवडे बंद राहिला. मार्ग सुरू होतोय तोच फेब्रुवारीत पुन्हा गाडी घसरली. म्हणून परतीचं स्टॉकहोम-मुंबई विमान आबिस्को सोडण्याच्या दुसऱ्या दिवशीचं घ्या, आणि ती मधली रात्र किरुनात न काढता स्टॉकहोमला काढा.