दुधाची गाडी, गाळा आणि लायसन्स: ठाणे-नवी मुंबईत नेमकं काय काढायचं

दूध वितरणाच्या धंद्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आपण छोटे आहोत, १२ लाखांच्या आत. शंभर रुपयांचं रजिस्ट्रेशन पुरे." हे अन्न सुरक्षेचं रजिस्ट्रेशन; वर्षाची उलाढाल १२ लाखांवर गेली की त्याऐवजी राज्याचं लायसन्स लागतं, असं २०११ ची नियमावली सांगते. आधी हिशेब करू. दूध सरासरी ६० रुपये लिटर धरा. १२ लाख भागिले ३६५ म्हणजे दिवसाला साधारण ३,२९० रुपये, म्हणजे ५५ लिटर. एका क्रेटमध्ये १०-१२ लिटर बसतात, तेव्हा पाच क्रेट झाले की १२ लाख भरले. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या मोठ्या संकुलात लाइन टाकणारा पोरगा दोन इमारतींतच तेवढं दूध उतरवतो. उलाढाल म्हणजे विक्री. हातात राहणारं कमिशन म्हणजे उलाढाल नव्हे. बहुतेकांची गफलत इथेच होते. लिटरमागे दोन-तीन रुपये सुटतात म्हणून माणूस स्वतःला छोटा समजतो आणि कागदावर तो केव्हाच राज्य लायसन्सच्या पट्ट्यात गेलेला असतो.

अन्न सुरक्षा कायदा २००६ चा आणि त्याखालची लायसन्स-रजिस्ट्रेशनची नियमावली २०११ ची. तिच्या तक्त्यात दुधाला दोन वेगळ्या पट्ट्या लावल्या आहेत आणि अर्ज भरताना त्या एकमेकींत मिसळल्या जातात. दूध गोळा करणं, थंड करणं, पाश्चराइझ करणं, पिशवीत भरणं ही कामं लिटरवर मोजली जातात: रोज ५०० लिटरपर्यंत रजिस्ट्रेशन, ५०१ ते ५०,००० लिटर राज्याचं लायसन्स, त्यावर केंद्राचं. वितरक, घाऊक विक्रेता आणि दुकानदार यांना रुपयांची पट्टी: १२ लाखांपर्यंत रजिस्ट्रेशन, त्यापुढे २० कोटींपर्यंत (घाऊक विक्रेत्याला ३० कोटींपर्यंत) राज्य. वाहतूकदाराला तिसराच हिशेब. एकच गाडी आणि १२ लाखांच्या आत उलाढाल असेल तर रजिस्ट्रेशन, १०० गाड्यांपर्यंत किंवा ३० कोटींपर्यंत राज्य, त्यापुढे केंद्र. शुल्क वर्षाला रजिस्ट्रेशनचं १००, राज्य लायसन्सचं वितरक-वाहतूकदारासाठी २,०००, दूध प्रक्रियेला १०,००० लिटरपर्यंत ३,००० आणि त्यापुढे ५०,००० लिटरपर्यंत ५,०००, केंद्राचं ७,५००. हे २०११ च्या तक्त्यातले आकडे. मर्यादा आणि दर सरकार बदलत असतं, म्हणून पैसे भरण्याआधी फॉस्कॉसच्या (अन्न लायसन्सचे ऑनलाइन अर्ज घेणाऱ्या सरकारी) पोर्टलवर त्या दिवशी दिसणारा आकडाच खरा धरायचा.

भिवंडी-कल्याण पट्ट्यातल्या तबेल्यांची गंमत वेगळी. दुभत्या ४० म्हशी, म्हशीमागे रोजचे ८ लिटर धरले तर ३२० लिटर, म्हणजे रजिस्ट्रेशनच्या आत. ७० म्हशी झाल्या की ५६० आणि पट्टी ओलांडली. शेजारच्या तबेल्याचं दूध उचलून आपल्या कॅनमधून घातलं तर तेही तुमच्याच लिटरमध्ये मोजलं जातं, कारण नियमात 'उत्पादन' एवढाच शब्द नाही, 'हाताळणी आणि संकलन'ही आहे. सहकारी संस्थेचा नोंदलेला सभासद असलेल्या आणि सगळंच्या सगळं दूध संस्थेला घालणाऱ्या शेतकऱ्याला मात्र रजिस्ट्रेशन लागत नाही. यात 'सगळं' या शब्दाला वजन आहे. संध्याकाळचे दहा लिटर परस्पर चाळीत रतिबाला घातले की सूट गेली.

आता जागा. लायसन्स माणसाला मिळत नाही, ते जागेला आणि तिथल्या कामाला मिळतं. गोडाऊन तुर्भ्यात आणि दुसरं डोंबिवलीत असेल तर दोन अर्ज. नवी मुंबईत तर एक खास सापळा आहे. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे पत्त्यावर 'नवी मुंबई' लिहीत असले तरी पनवेल तालुका, रायगड जिल्हा. कळंबोलीत टँकर उभे करणारा वाहतूकदार सवयीने जिल्हा 'ठाणे' निवडतो, अर्ज ठाण्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे जातो आणि तिथून हरकत लागून परत येतो. रायगडचं काम पेणच्या कार्यालयातून चालतं. तसंच मीरा-भाईंदर ठाण्यात, पण वसई-विरार २०१४ पासून पालघरमध्ये. जिल्हा चुकला तर बाकी कागद कितीही चोख असले तरी उपयोग नाही.

अर्ज फॉस्कॉसवर. रजिस्ट्रेशनसाठी नमुना अ, लायसन्ससाठी नमुना ब. 'व्यवसायाचा प्रकार' या रकान्यात खरं काम लिहा. वितरक असून उत्पादकाची खूण केली की पाण्याचा तपासणी अहवाल, यंत्रांची यादी, दूध कुठून येणार त्याचा आराखडा असे नसते कागद मागितले जातात. भाड्याने दुसऱ्यांचं दूध वाहणाऱ्याने 'वाहतूक' निवडायची. त्याला जागेच्या पुराव्याबरोबर गाड्यांच्या संख्येचं स्वयंघोषणापत्र किंवा उलाढालीचा सीएचा दाखला लागतो. कंपनी किंवा भागीदारी असेल तर जबाबदार व्यक्ती नेमल्याचा नमुना ९ हवा. सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते पत्त्यात. लीव्ह अँड लायसन्सवर 'गाळा क्र. ७', लाइट बिलावर जुन्या मालकाचं नाव आणि 'शॉप ७ए', अर्जात तिसरंच काही. तिन्ही कागद समोर ठेवून पत्ता अक्षरशः उतरवून घ्या. करार नोंदणीकृतच हवा. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला कागद चालवून घेतील या आशेवर बसू नका. शंका निघाली की अर्ज परत येतो आणि उत्तराला ३० दिवस असतात. तो मेसेज एजंटच्या मोबाइलवर गेला आणि त्याने पाहिलाच नाही, तर अर्ज रद्द, शुल्कही गेलं. स्वतःचा नंबर आणि स्वतःचा ई-मेल टाका, एजंट काहीही म्हणो.

लायसन्स आलं की त्यावरचा १४ आकडी नंबर एकदा नीट वाचायला शिका. पहिला आकडा १ असेल तर लायसन्स, २ असेल तर रजिस्ट्रेशन. पुढचे दोन राज्याचे, महाराष्ट्राचा १५, केंद्राच्या लायसन्सवर ००. त्यापुढचे दोन वर्षाचे. म्हणजे ११५ ने सुरू होणारा नंबर आपल्या राज्याचं लायसन्स, २१५ ने सुरू होणारा रजिस्ट्रेशन. रोज दोन हजार लिटर सुटं दूध देणारा कुणी २१५ वाला नंबर दाखवत असेल तर काय ते समजा. याचा आपल्याशी संबंध आहे, कारण लायसन्सच्या अटींतच लिहिलंय की खरेदी-विक्री फक्त लायसन्स किंवा रजिस्ट्रेशन असलेल्यांशी करायची आणि तिची नोंद ठेवायची. १ जानेवारी २०२२ पासून हा नंबर बिलावर छापणंही बंधनकारक आहे. 'सप्लायरचं लायसन्स त्याचं तो बघेल' हे तपासणीत ऐकून घेत नाहीत.

गाडीबद्दल त्याच नियमावलीच्या परिशिष्ट ४ मध्ये स्वच्छतेचे नियम आहेत, पण दूध नासतं ते नियमांच्या भाषेत नाही, टँकरच्या तीन जागी. झाकणाचं रबर गॅस्केट, खालचा आउटलेट व्हॉल्व्ह आणि भरण्याचा होज पाइप. गॅस्केटच्या खाचेत नखाने खरवडून पाहा. पिवळट, चिकट थर निघाला तर आतलं स्टील कितीही चकचकीत असो, ती गाडी धुतलेली नाही. दुधाचा थर एकट्या गरम पाण्याने जात नाही, उलट प्रथिनं भाजून चिकटतात. आधी साधं पाणी, मग ७०-७५ अंशांचं कॉस्टिक सोड्याचं साधारण १ टक्का द्रावण, पुन्हा पाणी, ठरावीक दिवसांनी दगडासारखा जमलेला खार काढायला ॲसिड, शेवटी पुन्हा पाणी. व्हॉल्व्ह खोलून हातानेच धुवावा लागतो. धुतल्याची तारीख, वेळ आणि सही असलेली पावती चालानला जोडा. निरीक्षक पहिल्यांदा तीच मागतो.

आता एक चूक, जी भेसळीचा हेतू नसतानाही महागात पडते. धुऊन झाल्यावर टँकर पूर्ण निथळला नाही. १०,००० लिटरच्या गाडीत ५० लिटर पाणी राहिलं. गायीच्या दुधाला किमान ३.२ टक्के फॅट आणि ८.३ टक्के एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) लागतो. चिलिंग सेंटरवर काठावरचं, बरोबर ८.३ एसएनएफचं दूध भरलं असेल तर ते पोहोचेपर्यंत ८.२६ झालेलं असतं. नमुना फेल. कमी दर्जाच्या दुधाला कलम ५१ खाली दंड ५ लाखांपर्यंत जाऊ शकतो आणि पाणी कुणी घातलं की चुकून राहिलं, हे प्रयोगशाळेला दिसत नाही. गाडी व्हॉल्व्हच्या बाजूला उतार देऊन उभी करा आणि भरण्याआधी तळाला टॉर्च मारा. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी भानगड घाटाची. नगर-नाशिककडून माळशेज किंवा कसारा घाटाने, पुण्याकडून खंडाळ्याने येणारी गाडी अर्धवट भरलेली असेल तर दूध आत घुसळलं जातं. फॅट वर गोळा होतं, कधीकधी लोण्याच्या गाठी तरंगतात. अशा गाडीतून न ढवळता वरून नमुना काढला तर फॅट जास्त, खालून काढला तर कमी. डेअरीच्या डॉकवर, म्हणजे गाडी रिकामी करण्याच्या जागी, नमुना काढताना प्लंजरने (ढवळायच्या दांड्याने) वर-खाली नीट ढवळलं का, हे ड्रायव्हरने स्वतः पाहावं, किन्नरला (गाडीच्या क्लीनरला) चहा आणायला पाठवावं. निघताना दूध ४ अंश असावं. पोहोचल्यावरचं तापमान सीलच्या नंबरसकट चालानवर लिहून घ्यावं. मुलुंड-ऐरोलीच्या नाक्यावर तपासणीसाठी सील तोडलं, तर तोडलेल्या आणि नवीन अशा दोन्ही सीलचे नंबर अधिकाऱ्याच्या सहीनिशी हवेत. नाहीतर पुढची डेअरी गाडी परत फिरवते आणि उन्हाळ्यात परत फिरलेलं दूध कुणाच्याच कामाचं राहत नाही.

नमुना घेतला तर घाबरून सही करून मोकळं होऊ नका. नमुन्याचे चार भाग होतात. एक अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (अन्न खात्याचा जिल्ह्याचा अधिकारी), आणि चौथा तुम्ही त्याच वेळी लेखी मागणी केलीत तरच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. हा चौथा भाग मागायचा असतो हेच अनेकांना ठाऊक नसतं. अहवाल १४ दिवसांत अपेक्षित असतो आणि तो विरुद्ध गेला तर अपिलाला ३० दिवस. अहवाल हाती आल्याची तारीख पाकिटावर लिहून ठेवा.

बाकीचं पटकन. ताज्या आणि पाश्चराइझ्ड दुधावर जीएसटी नाही, दुधाच्या रस्ता-वाहतुकीच्या भाड्यावरही नाही, ई-वे बिल लागत नाही. पण त्याच गाडीत तूप-लोण्याचे बॉक्स ठेवले की ही सूट त्या बॉक्सना लागू होत नाही. सुट्या दुधाची मापं वैधमापन खात्याकडून (वजन-मापं तपासणारं सरकारी खातं) दर दोन वर्षांनी शिक्का मारून घ्यायची, इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी. माल हाताळणाऱ्या प्रत्येकाचा वर्षाचा वैद्यकीय दाखला हवा, ड्रायव्हर आणि किन्नर दोघांचाही. आणि पिशवीमागे एमआरपीवर रुपया-दोन रुपये 'कूलिंग चार्ज' घेणं, ठाण्यात कितीही सर्रास चालत असलं तरी, बेकायदेशीर आहे. तक्रार झाली तर दुकानदार वितरकाकडे बोट दाखवतो, म्हणून आपल्या बिलावर एमआरपी स्पष्ट असू द्या.

२०११ च्या नियमांत नूतनीकरण मुदत संपायच्या ३० दिवस आधीपर्यंत करायचं आहे; आजचा नियम पोर्टलवर बघा. त्यानंतर उशिराचे जादा पैसे. त्याच नियमांत लायसन्स एक ते पाच वर्षांचं मिळतं आणि एजंट पाच वर्षांचाच आग्रह धरतो, कारण त्याची फी त्यावर असते. स्वतःचा गाळा असेल तर जरूर घ्या. भाड्याचा ११ महिन्यांचा असेल तर जागा बदलली की नव्या पत्त्यावर नवीन लायसन्स काढावं लागतं, जुनं सरेंडर करायचं, आणि उरलेल्या वर्षांचे पैसे परत मिळत नाहीत. अशा गाळ्यावर २,००० भरून एक वर्षाचं घ्या, आणि संपण्याची तारीख करारावरच लाल पेनने लिहून ठेवा.