एका ‘उर्फ’साठी नऊ महिने: बारावीनंतर शेतीत उतरताना

बारावीनंतर शेती करायची म्हटलं की मुलीला दोनच गोष्टी विचारतात. मार्क कमी पडले का, आणि मग स्थळं बघायची का. कामाचा प्रश्न मला एकाच माणसानं विचारला. बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्रात मी मातीची पिशवी घेऊन गेले होते. तिथले सर पिशवीच्या चिठ्ठीवर गट नंबर लिहीत होते. लिहिता लिहिता म्हणाले, “सातबारा कुणाच्या नावावर?”

“वडिलांच्या.”

“ते नाही आले?”

“२०२१ ला गेले. करोनात.”

सरांनी पेन खाली ठेवलं. “मग आधी वारस नोंद करून घे, पोरी. ठिबक, अनुदान, कर्ज, सगळं त्याच्यानंतर.”

मला वाटलं, एक अर्ज तर द्यायचाय. ही गोष्ट जुलै २०२४ ची. नोंद मंजूर झाली ८ मे २०२५ ला.

शेतीच का, ते थोडक्यात सांगते. आमची जमीन सव्वा एकर, सातबाऱ्यावर ०.५१ हेक्टर. पप्पा गेल्यापासून चुलते वाट्यानं करत होते. कृषी पदवीचा विचार केला होता. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, चारही विद्यापीठांची माहिती काढली. पण मामेबहीण राहुरीच्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. कृषीकन्या म्हणून एका गावात जाऊन बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक करून आली, पेपरात फोटो आला, आणि परत येऊन एमपीएससीच्या क्लासला बसली. तिच्या वर्गातले निम्मे तेच करत होते. त्यांचं चुकतंय असं मी म्हणत नाही. मला मात्र चार वर्षं शिकून शेतापासून लांब जायचं नव्हतं. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा कृषीचा अभ्यासक्रम घेतला आणि चुलत्यांकडून दहा गुंठे मागून घेतले. दसऱ्यासाठी झेंडू लावला. तो बरा निघाला. शेतीचा भाग असा पटकन संपतो, कारण तिथं मला कुणी अडवलं नाही.

अडवलं ते पुढं.

तीन फेजची लाईट आमच्याकडे आठवड्याआड रात्रीची असते. रात्री बारा वाजता बॅटरी धरून सरीला पाणी द्यायचं आणि सकाळी पुस्तक उघडायचं, हे मी एक हंगाम केलं. ठिबक असतं तर कॉक फिरवून झोपता आलं असतं. पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला ठिबकला एकूण ८० टक्के अनुदान मिळतं, केंद्राच्या योजनेतून ५५ आणि वर राज्याचं २५. मोठ्या शेतकऱ्याला ७५. पण अर्ज करायला शेतकरी असावं लागतं, आणि शेतकरी म्हणजे ज्याचं नाव सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) वर आहे तो. रात्री चिखलात उभं राहणारा त्यात मोजत नाहीत.

ऑगस्टमध्ये सेतूत, म्हणजे सरकारी दाखले-अर्जांच्या केंद्रात गेले. लाडकी बहीणच्या कागदांसाठी बायांची रांग दारापासून रस्त्यापर्यंत. दोन दिवस गेले आणि तिसऱ्या दिवशी वारस नोंदीचा ऑनलाईन अर्ज भरला. मृत्यू दाखला, वारसांचं शपथपत्र, सगळ्यांची आधारं. वारस तीन लिहिले: आई, मी, लहान भाऊ.

हीच पहिली चूक, आणि ती माझी. मयताची आई हयात असेल तर तीही वारस असते. आजी चुलत्यांकडे राहते, म्हणून ती आमच्या डोक्यातच आली नाही. तलाठी भाऊसाहेबांनी ते लगेच पकडलं. आजीचं नाव घालून शपथपत्र नव्यानं केलं. कोतवाल मामा तिथंच बसले होते. ते म्हणाले, “ताई, तुझं कशाला लावते? उद्या लग्न झाल्यावर हक्कसोड करावंच लागंल. भावाचं लाव, मोकळी हो.” मी म्हटलं, “मामा, शेती मीच करतेय.” ते हसले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याचाच जास्त राग येतो.

पाच आठवडे काही कळलं नाही. मग चौकशीला गेले तेव्हा कळलं की अर्ज केव्हाच परत पाठवलाय. कारण एका ओळीचं: मयताच्या नावात तफावत.

सातबाऱ्यावर पप्पांचं नाव ‘बाळू’. मृत्यू दाखला शहरातल्या दवाखान्यातून आधारवरून झालेला, त्यावर ‘बाळासाहेब’. वडिलांचं नाव, आडनाव, सगळं सारखं. गावातलं शेंबडं पोर सांगेल की दोन्ही एकच. पण कागदाच्या हिशेबानं बाळासाहेब मेले होते आणि बाळू जिवंत होता, आणि जमीन बाळूची होती.

मग दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं शपथपत्र केलं. पोलीस पाटलांचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड जोडलं. तलाठ्यांना ते पटलं. वरती सर्कल साहेबांना, म्हणजे मंडळ अधिकाऱ्यांना पटलं नाही. “शपथपत्र तुम्हीच करणार आणि तुम्हीच वारस. महसुली पुरावा आणा.” महसुली पुरावा म्हणजे नेमकं काय, ते सांगितलं नाही. मी विचारलं, तर “तलाठी सांगतील.” तलाठी म्हणाले, “सर्कलनाच विचारा.”

तेवढ्यात १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. त्यानंतर जो भेटेल तो इलेक्शन ड्युटीवर. कधी ट्रेनिंग, कधी मतदार याद्या. वारस नोंदीचा आणि आचारसंहितेचा काय संबंध, हे मी तीन जणांना विचारलं. तिघांनीही “आता निकालानंतरच या” एवढंच सांगितलं. २० नोव्हेंबरला मी आयुष्यातलं पहिलं मतदान केलं. बोटाला शाई लावायला आमचेच भाऊसाहेब बसलेले. “तुझं राहिलंय ना गं,” म्हणाले. ओळखलं तरी, एवढंच समाधान. त्याच सुमाराला तलाठ्यांचं पद ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं. लोक अजून तलाठीच म्हणतात, मीही म्हणते.

इथं एक सांगते, नाहीतर विसरेन. कुठल्याही टेबलावर अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घ्या. मी पहिले दोन अर्ज नुसते हातात देऊन आले होते. ते कुठं गेले ते देवाला माहीत.

महसुली पुराव्याचा उलगडा शेवटी तहसीलबाहेर झेरॉक्सच्या दुकानात झाला. दुकानदार काका रोज असलेच कागद बघतात. माझ्या सातबाऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, “हे गोल केलेले आकडे दिसतात का? हे फेरफार नंबर, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचे. जमीन वडिलांच्या नावावर ज्या फेरफारानं आली तो काढ. त्यात नाव कसं लिहिलंय ते बघ.” चार महिन्यांत हे मला एकाही खुर्चीवरच्या माणसानं सांगितलं नव्हतं.

आजोबांनी वाटण्या केल्या १९९८ साली. तो फेरफार काढायला अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज दिला, कोर्ट फी स्टॅम्प लावून. “शुक्रवारी या.” शुक्रवारी रेकॉर्डकीपर रजेवर. पुढच्या शुक्रवारी गठ्ठा सापडेना. तिसऱ्या खेपेला मी डबा घेऊनच गेले आणि बाकावर बसून राहिले. साडेतीन वाजता त्यांनीच आत बोलावलं. लाल फडक्यात बांधलेलं रजिस्टर, कडा कुरतडलेल्या, आत निळ्या शाईचं अक्षर. फेरफाराचा मजकूर त्यांनी मोठ्यानं वाचला आणि मध्येच थांबले.

“बाळासाहेब उर्फ बाळू.”

मी दोनदा वाचायला लावलं. १९९८ च्या तलाठ्यानं नीट लिहिलं होतं. पुढं हस्तलिखित सातबारा संगणकावर चढवताना कुणीतरी ‘बाळासाहेब उर्फ’ गाळून नुसतं ‘बाळू’ टंकलं होतं. टंकणाऱ्याचे दोन सेकंद वाचले असतील. खाली आजोबांचा अंगठा होता आणि शेजारी पप्पांची सही, शाळेतल्या मुलासारखी गोल अक्षरात. त्या सहीचा मी मोबाईलवर फोटो काढला. रेकॉर्डकीपर दुसरीकडे बघत राहिले. रजिस्टरचे फोटो काढून देत नाहीत, हे मला नंतर कळलं.

पुरावा मिळाला म्हणजे काम झालं, असं मला वाटलं. नाही. आता नावाची लेखनचूक दुरुस्त करायला महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे वेगळा अर्ज. तो जानेवारीत दिला, या वेळी शिक्क्यासह. तहसीलनं तलाठ्यांकडून अहवाल मागवला. फेब्रुवारीभर मी या दोन खोल्यांमध्ये टोलवला जाणारा चेंडू होते. सज्जावर, म्हणजे तलाठ्यांच्या ऑफिसात जावं तर “अहवाल पाठवला.” तहसीलला जावं तर “आलाच नाही.” दोन ठिकाणांमध्ये अकरा किलोमीटर. एकदा मी भाऊसाहेबांना म्हटलं, माझ्याच हातात द्या, मी नेऊन देते. “तसं चालत नाही.” पुढच्या आठवड्यात त्यांनीच पाकीट हातात दिलं. तहसीलच्या क्लार्कनं ते उघडून बघितलं आणि म्हणाला, “पंचनामा नाही जोडलेला.”

त्या दिवशी मी एसटी स्टँडवर बसून रडले. शेतात कांद्याला पाण्याची पाळी होती आणि मी तिथं पाकीट घेऊन बसलेले. आईला फोन केला तर ती म्हणाली, “पाणी मी धरते, तू तिथंच बस.” तिला मोटर चालू करता येते, पण अंधाराची तिला भीती वाटते. ते ऐकून मी उठले. चिडक्या आवाजात पंचनाम्याची तारीख मागितली आणि ती क्लार्ककडून कागदावर लिहून घेतली. तारीख लिहून मागितली की लोक जरा नीट बोलतात. हे मी फार उशिरा शिकले.

मग एप्रिल आला, आणि त्याच्याबरोबर ‘जिवंत सातबारा’ मोहीम. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची, १ एप्रिल ते १० मे, राज्यभर. गावात चावडी वाचन झालं. मयतांची यादी वाचताना भाऊसाहेबांनी “बाळू” म्हटलं आणि आमच्याकडे बघून स्वतःच “उर्फ बाळासाहेब” जोडलं. जो अहवाल दोन महिने वाटेत होता तो आठवड्यात पोचला. दुरुस्तीचा आदेश झाला, वारस नोंद घेतली, फेरफार पडला, नोटीस निघाली. नोटिशीचे पंधरा दिवस हरकतीसाठी असतात. हरकत कुणीच घेणार नव्हतं, चुलते तर स्वतः सोबत आलेले. मला म्हणायला आवडेल की हे माझ्या खेपांमुळे झालं. चुलते म्हणतात मोहिमेमुळे. पण १९९८ चा तो कागद फाईलला नसता तर मोहिमेतही ‘तफावत’ म्हणून बाजूला पडला असता, यावर मी ठाम आहे.

नोटिशीच्या त्या पंधरा दिवसांत फेरफाराचा मसुदा नक्की वाचा. आमच्यात आजीचं वय आणि भावाचं नाव दोन्ही चुकलं होतं. मंजुरीआधी दोन मिनिटांत दुरुस्त झालं. मंजुरीनंतर पुन्हा १५५.

बिनसहीचा सातबारा फुकट दिसतो, पण तो कुठंही चालत नाही. डिजिटल सहीचा १५ रुपयांत निघतो, तोच काढा. आणि १५ एप्रिल २०२५ पासून शेती योजनांना शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झालाय. तो सातबाऱ्यावरच्या नावाशी आणि आधारशी जोडला जातो, म्हणजे नावाचा घोळ असेल तर तिथंही अडकणार. माझा एका दिवसात झाला, कारण रडून आधीच झालं होतं. ठिबकचा अर्ज केलाय. दुकानदार “पाइप आत्ता घेऊन जा, पूर्वसंमती येईल मागून” म्हणत होता. पूर्वसंमती म्हणजे खरेदीआधीची सरकारी मंजुरी. ते ऐकू नका, पूर्वसंमतीआधीच्या बिलावर अनुदान मिळत नाही.

कृषी पदवीला जाणाऱ्यांनीही घरचा सातबारा आधी बघून ठेवा. प्रवेशाला शेतकरी कुटुंबाचा अधिभार, म्हणजे जादा गुण मिळतात आणि तिथंही नावं जुळावी लागतात. निकाल लागल्यावर धावपळ करू नका, अकरावीतच बघा. पप्पा गेले त्याच वर्षी आम्ही नोंद केली असती तर माझ्या नावापुढं ‘अ.पा.क. आई’ लागलं असतं, म्हणजे अज्ञान (अल्पवयीन) मुलगी, पालनकर्ती आई. पण अठरा पूर्ण झाल्यावर एका अर्जावर ते निघालं असतं. तीन वर्षं कुणी सुचवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

८ मे ला संध्याकाळी सातबारा काढला. आजी, आई, मी, भाऊ. आजीला वाचता येत नाही. तिनं स्वतःचं नाव कुठं आहे ते विचारून त्यावर बोट ठेवलं, आणि मग पप्पांचं कुठं आहे विचारलं. ते आता कंसात आहे, आडव्या रेघेखाली. भावाच्या नावापुढं अ.पा.क. लागलंय. तो २०२७ मध्ये अठरा पूर्ण करतो. त्याच्या जन्मदाखल्याच्या दोन प्रती मी त्याच फाईलला आत्ताच लावून ठेवल्यात.