पिकअपचा मागचा बंपर बदलायचाय? आधी बोल्ट भिजवा

मागचा बंपर बहुतेक वेळा अपघातानं वाकत नाही. मार्केट यार्डात गाडी रिव्हर्सला घेताना धक्क्याला टेकते, रोज थोडी थोडी. वर फाळका (मागचं आडवं झाकण) उघडला की हमाल बंपरवरच पाय देऊन चढतात, तेही पाठीवर पन्नास किलोचं पोतं घेऊन. दहा-बारा वर्षांत मधला भाग लोंबतो आणि एक टोक आत जातं. कोकणातल्या मासळीच्या गाड्यांचं दुखणं निराळं. बर्फाचं खारं पाणी फाळक्याच्या फटीतून नेमकं बंपरवर आणि चेसीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, शेपटावर गळतं, त्यामुळे तिथं बंपर वाकायच्या आधीच सडतो.

बोलेरो पिकअपसारख्या लॅडर (शिडीसारख्या) चेसीच्या जुन्या गाडीचा बंपर बदलणं कागदावर तासाभराचं काम आहे. दोन्ही बाजूंना दोन-दोन किंवा तीन-तीन बोल्ट, ते काढले की बंपर खाली. प्रत्यक्षात निम्मा दिवस त्या बोल्टांतच जातो. म्हणून गंज सोडवणारा रस्ट स्प्रे आदल्या संध्याकाळीच मारायचा. त्याआधी तारेच्या ब्रशनं आट्यांवरचा चिखल आणि खपल्या काढायच्या, नाहीतर स्प्रे वरच्या वर ओघळतो. सकाळी पुन्हा एकदा मारा.

बोल्ट बहुतेक ठिकाणी एम-१२ (१२ मिमी जाडीचे) असतात, म्हणजे १९ चा पाना. काही गाड्यांना एम-१० असतात, त्यांना १७ चा. बारा कोनी रिंग पाना इथं लावू नका. गंजलेल्या नटाचे कोपरे आधीच झिजलेले असतात, तो त्यांना गोल करून सोडतो. सहा कोनी गोटी (सॉकेट) आणि लांब दांडा घ्या. सुरुवातीला नट सोडण्याऐवजी किंचित आवळा. ‘कट्’ असा बारीक आवाज आला की गंजाची पकड सुटली, मग उलटा फिरवा. अर्धा फेरा सोडा, पाव फेरा परत आवळा, पुन्हा स्प्रे. सरळ जोर लावलात तर एम-१० चा बोल्ट तुटतोच.

नटाबरोबर बोल्टही फिरायला लागला तर डोक्याला दुसरा पाना लावून धरा. डोकं बंद चॅनलच्या आत असेल आणि पाना जातच नसेल, तर चार इंची ग्राइंडरनं नट उभा चिरा आणि छिन्नीचा एक ठोका द्या, दोन फाकी होऊन पडतो. गॅस कटर मात्र नको. चेसीच्या आतल्या बाजूनं ब्रेकचा पाइप आणि वायरिंग गेलेलं असतं आणि डिझेलची टाकीही लांब नसते.

हे सगळं करताना स्टेपनी आधी खाली उतरवून बाजूला ठेवा. ती लटकत असली की हाताला जागा मिळत नाही. बंपर हलका समजू नका. १०० मिमीचं साधं आयएसएमसी (भारतीय मानकाचं मध्यम) चॅनल मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास भरतं, म्हणजे पावणेदोन मीटरचा तुकडा सोळा-सतरा किलोचा. शेवटचे दोन बोल्ट काढण्याआधी खाली जॅक किंवा लाकडाचा ठोकळा लावा.

नंबर प्लेट बंपरवर असेल तर इथं थांबा. हाय सिक्युरिटी प्लेटचं मागचं स्नॅप लॉक एकदा तोडलं की पुन्हा बसत नाही. म्हणून प्लेटला हात न लावता ती ज्या पट्टीवर बसवली आहे ती पट्टीच बोल्टांसकट सोडवा आणि नव्या बंपरवर तशीच चढवा. पट्टी बंपरला वेल्ड केलेली असेल तर ती ग्राइंडरनं बंपरकडून कापा, प्लेटला ओला गोणपाट गुंडाळून. ठिणग्यांनी प्लेटवरचा रिफ्लेक्टिव्ह थर जळतो.

बंपर निघाला की खरी तपासणी सुरू होते. बंपर जोरात आत गेला असेल तर ब्रॅकेटही वाकलेलंच समजा, क्वचित चेसीचं शेपूटही. पाट्यांच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या) मागच्या शॅकलच्या, म्हणजे पाटा चेसीला जोडणाऱ्या कडीच्या, बोल्टापासून दुसऱ्या बाजूच्या ब्रॅकेटच्या भोकापर्यंत टेप लावा, दोन्ही तिरकी मापं घ्या. ५ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर नवा बंपर आणायच्या आधी चेसीवाल्याकडे जा. मग चेसीच्या टोकावर हातोडीनं टकटक करत फिरा. धड पत्रा ‘ठण्’ वाजतो, सडलेला ‘थप्’ करतो. खपली हातात आली तर तिथं बोल्ट कितीही आवळा, काही महिन्यांत भोकं लांबट होणार.

बंपर भंगारातला घ्यायला हरकत नाही, फक्त भोकांमधलं अंतर मोजून घ्या. एकाच नावाच्या गाडीत सालागणिक ब्रॅकेट बदलतं. पाइपचा बंपर बनवून घेणार असाल तर खालच्या बाजूला ८ मिमीची दोन भोकं पाडायला सांगा, नाहीतर आत पाणी साठून तो आतूनच खाल्ला जातो. आणि रेल्वेच्या रुळाइतका जाड बंपर लावण्याचा मोह आवरा. धक्का बसला की बंपरनं वाकायचं असतं. तो वाकला नाही तर चेसी वाकते. वजनही मागच्या एक्सलच्या पलीकडे येतं, त्यामुळे भरलेल्या गाडीचं पुढचं तोंड हलकं होतं. बॉडीच्या रुंदीबाहेर काही काढू नका. परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ खाली ५,००० रुपये दंड होऊ शकतो. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी असतं, तेव्हा ही गोष्ट लपत नाही.

बसवताना सगळे बोल्ट हातानं घाला, आवळू नका. बंपर जमिनीपासून मोजून लेव्हल करू नका, ही चूक जवळपास प्रत्येक जण करतो. जुन्या पिकअपचे पाटे एका बाजूला बसलेले असतात, जमिनीपासून बरोबर केलेला बंपर बॉडीला तिरका दिसतो. मापं बॉडीच्या तळापासून, दोन्ही टोकांना घ्या. मग फाळका पूर्ण खाली सोडून बघा. तो सरळ लटकल्यावर बंपरपासून किमान दोन बोटं अंतर हवं. माल भरल्यावर बॉडी आणि चेसी एकमेकांच्या तुलनेत थोड्या हलतात. रिकाम्या गाडीत घासत नाही म्हणून सोडून दिलं तर पहिल्याच खड्ड्यात फाळक्याची बिजागरी वाकते.

बोल्ट नवे, ८.८ ग्रेडचे (जास्त ताकदीचे), नायलॉक नटासह, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेल्या, सहज न सुटणाऱ्या नटासह. टॉर्क पान्यानं एम-१२ ला ८० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळा, एम-१० ला ४५. ब्रॅकेट जिथं चेसीला टेकतं तिथं रंगाचे थरावर थर नकोत, रेड ऑक्साइडचा एक पातळ हात पुरे. जाड रंग दाबाखाली चेपतो आणि आवळलेला बोल्ट आपोआप ढिला पडतो.

आता एक असा बिघाड, ज्याच्यापायी लोक इलेक्ट्रिशियनकडे चकरा मारतात. नवा बंपर लागला आणि ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, नंबर प्लेटचा दिवा मिणमिणतो. वायरिंगला काही झालेलं नसतं. जुन्या गाडीत मागच्या दिव्यांची अर्थ (करंट परत जायची वाट, अर्थिंग) अनेकदा बंपरच्या किंवा त्याच्या ब्रॅकेटच्या बोल्टातूनच चेसीला मिळते. रंगवलेल्या नव्या बंपरनं ती तोडली. करंट मग दुसऱ्या बल्बातून वाट शोधतो. बोल्टाखालचा रंग नाण्याएवढ्या गोलात खरवडा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे दिव्यापासून थेट चेसीपर्यंत एक काळी वायर टाका, टोकाला लग (भोकाची धातूची चकती) दाबून बसवून. नुसती पिळून टेप लावलेली वायर एका पावसाळ्यात हिरवी पडते.

शेवटी प्रत्येक नटावर आणि शेजारच्या पत्र्यावर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. दोनशे किलोमीटर माल भरून फिरल्यावर वाकून बघा. रेघ तुटली असेल तर तो नट फिरलाय. फक्त तोच पुन्हा आवळा आणि रेघ नव्यानं ओढा.